पर्थ : अँग्लिकन शाळेत मुलांचं वर्ष कसं जातं?

ओसरी | १९ ऑगस्ट २०२३, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आम्ही जानेवारीत नाशिकहून पर्थला येतोय, नवऱ्याला तिथे खाणकंपनीत नोकरी मिळालीय. लेक इयर फाइव्हला जाईल आणि मुलगा प्री-प्रायमरीत. घर बघितलंय त्याच्या जवळच्या एका शाळेत दोघांनाही जागा मिळतेय. शाळा अँग्लिकन आहे, मुलंमुली एकत्र, हॉस्टेल नाही, सकाळी जायचं दुपारी यायचं.

फी, बस वगैरे समजलं. पण माहितीपत्रकात चॅपल, चॅप्लिन, फॅक्शन, कार्निव्हल, लेंट असे इतके शब्द आहेत की शाळा चालते कशी तेच डोळ्यासमोर येत नाहीये. आणि सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "पोरांना बाटवणार तर नाहीत ना?" त्यांना काय सांगू? खरं तर मलाही ते विचारायचंच आहे. ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्यांनी प्लीज सांगा, वर्षभर नक्की काय काय होतं आणि त्यात धर्म किती असतो.

टिंबटिंब | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

आधी डब्याचं विचारा. बाकी सगळं नंतर.

पाऊसवेडा | २० ऑगस्ट, सकाळी ७:३०

इतके पैसे भरून कॉन्व्हेंटमध्ये कशाला घालताय? इथल्या सरकारी शाळा चांगल्या आहेत. आमची दोन्ही मुलं सरकारीतच शिकली, काही अडलं नाही. धर्म घरचा घरी, शाळेचं शाळेत.

खडकवासला | २० ऑगस्ट, सकाळी ९:१२

पाऊसवेडा, सरकारी शाळेबद्दल सहमत, पण एक दुरुस्ती. कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचा मठ, आणि आपल्याकडे त्या शाळा बहुतेक कॅथलिक. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची परंपरा, आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी फारकत घेतली तिथून पुढची. पाद्री लग्न करू शकतात, पोपचा हुकूम चालत नाही. ऑस्ट्रेलियात १९८१ पर्यंत नावही चर्च ऑफ इंग्लंड असंच होतं, मग अँग्लिकन चर्च ऑफ ऑस्ट्रेलिया झालं.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईची कॅथेड्रल अँड जॉन कॉनन १८६० पासूनची, मूळ हेतू सेंट थॉमस कॅथेड्रलला गाणारी मुलं मिळावीत हा. पुण्याचं सेंट मेरीज इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सनी चालवलं, आणि पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला याच सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९७० मध्ये उत्तर भारतातलं अँग्लिकन चर्च इतर काही चर्चेसबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिसळलं म्हणून आपल्याकडे आता तो शब्द फारसा कानावर पडत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र जुना आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि बाकीची मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला, गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य झालं, म्हणजे धर्म बाटला म्हणून बहिष्काराचा वाद. ते मिशनही अँग्लिकनच होतं.

टिंबटिंब | २० ऑगस्ट, सकाळी ९:२०

म्हणजे मुद्दा तेव्हाही डब्याचाच होता :)

स्वाननदी | २० ऑगस्ट, दुपारी ४:५०

ओसरी, पर्थला आम्हाला अकरा वर्षं झाली. थोरला इयर इलेव्हन, धाकटी इयर एट, दोघंही अशाच शाळेत. महिन्यांच्या क्रमाने सांगते.

वर्ष सुरू होतं ते जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारी उजाडताना, ऐन उन्हाळ्यात. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि तुम्ही पोरांना नवीन काळे बूट घालून उभं करता. पहिला नियम, नो हॅट नो प्ले. टोपी विसरली तर मधल्या सुट्टीत सावलीत बसायचं, कोणी रागावत नाही पण खेळायला सोडत नाहीत. टोपीवर नाव घाला, आतल्या पट्टीवर आणि बाहेरूनही.

मग फॅक्शन. नाव ऐकून राजकीय गट वाटतात पण हे आपले लाल-पिवळे-निळे-हिरवे हाउस. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बऱ्याच शाळा त्याला फॅक्शन म्हणतात. पहिल्या टर्ममध्ये स्विमिंग कार्निव्हल, म्हणजे फॅक्शनच्या पोहण्याच्या शर्यती, प्राथमिकच्या मुलांना पोहण्याचे वर्गही असतात. पोहायच्या कपड्यांना इथे बेदर्स म्हणतात, मी पहिल्या वर्षी शाळेला फोन करून विचारलं होतं की बेदर्स म्हणजे काय आणायचं. मुलांना पोहता येत नसलं तरी घाबरू नका, ज्याला जितपत येतं त्यानुसार गट करतात, माझी धाकटी नूडल (तरंगायला धरतात ती फोमची लांब नळी) घेऊन पंधरा मीटर गेली तरी फॅक्शनला पॉइंट मिळाला आणि सगळी निळी टोळी ओरडत होती.

आता चर्चचं कॅलेंडर. यावर शाळेचं वर्ष शिवलेलं असतं असं समज. फेब्रुवारी-मार्चमध्ये श्रोव्ह ट्यूजडे, त्या दिवशी पॅनकेक. दुसऱ्या दिवशी ॲश वेन्सडे, चॅप्लिन, म्हणजे शाळेची पाद्री, कपाळावर राखेचा क्रॉस काढते, ज्यांना हवा त्यांनाच. तिथून चाळीस दिवस लेंट, ईस्टरआधीचा नेमाचा काळ. मुलं काहीतरी सोडतात, चॉकलेट, गेम, आणि वर्गातल्या डब्यात नाणी जमवतात, ते पैसे गरजूंसाठी जातात. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चातुर्मासाचा नेम गं, त्यात काय." मग ईस्टर, बहुतेकदा टर्म संपताना. आणि इथे तो शरदात येतो, पानं गळायला लागलेली आणि पुठ्ठ्यावर वसंतातली पिल्लं चिकटवलेली.

दुसऱ्या टर्मला अँझॅक डे, २५ एप्रिल, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन. सुट्टी असते म्हणून शाळेची सर्व्हिस त्याच्या आसपास होते. एक मूल बिगुलावर लास्ट पोस्ट वाजवतं, हजार पोरं गप्प. थोरला तिसरीत होता तेव्हा त्याने वर्गात सांगितलं की पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईला भारतीय सैनिकही होते, खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा नेत होते. बाईंना माहीत नव्हतं, त्यांनी दुसऱ्या वर्षी ते कार्यक्रमात घातलं. अँझॅक बिस्किटात अंडं नसतं, ओट्स-खोबरं-गोल्डन सिरप, आपल्याकडच्या आज्या आवडीने खातात.

थंडीत टाय आणि ब्लेझर. तिसऱ्या टर्ममध्ये ॲथलेटिक्स, ऑगस्टमध्ये बुक वीक, त्यात पुस्तकातलं पात्र होऊन जायचं, तयारी आदल्या रात्री साडेनऊला आठवते हे लक्षात ठेव. चौथ्या टर्ममध्ये पुन्हा टोप्या, इयर ट्वेल्व्हचा निरोप, बक्षीस समारंभ, आणि शेवटी कॅरल सर्व्हिस, म्हणजे नाताळगीतांचा कार्यक्रम.

दर आठवड्याला चॅपल, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघरातली सभा, अर्धा-पाऊण तास. एक गोष्ट वाचतात, दोन गाणी, प्रार्थना, अधूनमधून कम्युनियन, म्हणजे भाकरी-वाइनचा प्रसाद. ज्यांना भाकरी-वाइन घ्यायची नाही ती मुलं दोन्ही हात छातीवर फुली करून पुढे जातात, चॅप्लिन नुसता आशीर्वाद देते. किंवा बाकावर बसून राहतात. माझ्या मुलाने अकरा वर्षांत दोन्ही केलंय. बाटवलं वगैरे कोणी नाही.

निवडुंग | २० ऑगस्ट, रात्री ९:३३

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे यायला हवा. आम्ही सिडनीला. मुलगी सात वर्षांची असताना तिचे आजोबा गेले. आठवड्याभराने शाळेतून आली आणि म्हणाली, आजोबा हेवनमध्ये नाहीत का, कारण ते जीझसला मानत नव्हते. ख्रिश्चन स्टडीजच्या तासाला तिनेच प्रश्न विचारला होता, आणि शिक्षकांनी जे त्यांना खरं वाटतं ते उत्तर दिलं. मी शाळेत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलीला दुखावलं याबद्दल माफी मागितली, पण उत्तर बदललं नाही. मला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल राग नाही. पण सात वर्षांच्या पोरीला मी रात्रभर थोपटत होते. वर्ष संपल्यावर शाळा बदलली.

तेव्हा "कोणी बाटवत नाही" एवढ्यावर थांबू नका. पाण्याचा थेंब अंगावर न पडताही मूल घाबरू शकतं.

पाऊसवेडा | २० ऑगस्ट, रात्री ९:५०

हेच म्हणत होतो. +१

मास्तर_नगरकर | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

मी पर्थमधल्या एका अँग्लिकन शाळेत गणित शिकवतो, स्वतः ख्रिश्चन नाही. निवडुंग, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुमचा आणि स्वाननदीचा, दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि ते का ते सांगतो.

अँग्लिकन चर्चमध्ये प्रत्येक डायसिसचा, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाचा, स्वभाव निराळा. सिडनीचा कल बायबलच्या शिकवणीवर जास्त, तिथे आजही बायकांना प्रीस्ट करत नाहीत. पर्थ दुसऱ्या टोकाला. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या स्त्री प्रीस्ट १९९२ मध्ये पर्थलाच झाल्या, आर्चबिशप पीटर कार्नली यांच्या हातून. त्यातल्याच के गोल्ड्सवर्दी २००८ मध्ये देशातल्या पहिल्या स्त्री बिशप आणि २०१८ मध्ये पर्थच्या आर्चबिशप. स्वाननदीने वर "चॅप्लिन काढते, देते" असं लिहिलंय ना, ते त्यामुळे.

शिवाय इथे १९८५ मध्ये अँग्लिकन स्कूल्स कमिशन स्थापन झालं, शहराच्या बाहेरच्या नव्या वस्त्यांत कमी फीच्या, मुलामुलींच्या एकत्र डे स्कूल काढायच्या म्हणून. जुन्या महागड्या, बोर्डिंगवाल्या शाळांपेक्षा यांचं वळण वेगळं. नावातच कम्युनिटी स्कूल असतं. माझ्या वर्गात अँग्लिकन घरातली मुलं थोडीच, उरलेली कुठलाच धर्म न मानणारी, हिंदू, बौद्ध, कॅथलिक, सगळी. २०२१ च्या जनगणनेत देशातच अँग्लिकन ९.८ टक्के उरलेत आणि ३८.९ टक्के लोकांनी "धर्म नाही" लिहिलंय, मग वर्ग तरी वेगळा कुठून असणार.

आतून बघताना मला चॅपलबद्दल एक वाटतं. आमच्या शाळेत मुलं सकाळपासून मोजली जातात. इयर ३, ५, ७, ९ ला मार्चमध्ये नॅपलॅन ही देशभरची चाचणी, वरच्या वर्गांना दर टर्मला परीक्षा, बारावीला नोव्हेंबरच्या सुमाराला डब्ल्यूएसीई ही राज्याची परीक्षा आणि त्यावरून एटार, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीचा क्रमांक. आठवड्यातला तो अर्धा तास असा आहे की कोणी मार्क देत नाही. मागच्या वर्षी आमचा एक विद्यार्थी गेला. दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये मेणबत्त्या ठेवल्या होत्या, ज्याला यायचं त्याने यावं. मी बीजगणिताचा तास सोडून दिला, सगळा वर्ग तिथे जाऊन बसला. त्या दिवशी कुठे जाऊन बसायचं हे मुलांना ठाऊक होतं.

ओसरी, ॲडमिशनआधी चॅप्लिनची वेळ मागा, देतात. निवडुंगच्या मुलीने विचारला तोच प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर ऐकून ठरवा. आणि व्हिसा कुठला आहे ते बघून फीचा आकडा लेखी घ्या, तात्पुरत्या व्हिसावर सरकारी शाळेतही फी लागू शकते.

आज्जीचा_बटवा | २२ ऑगस्ट, सकाळी ६:०२

अगं ओसरी, मी लेकाकडे पर्थला सहा महिने राहून आले. नातीच्या शाळेत ग्रँडपेरंट्स डे होता, मी नऊवारी नेसून गेले. चॅपलमध्ये मध्येच सगळे उठून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले, पीस बी विथ यू म्हणत. मला वाटलं संपलं, मी पिशवी उचलली. शेजारच्या आजोबांनी हसून माझा हात धरला आणि म्हणाले बसा, अजून आहे.

गंमत पुढे. गणपतीत आमच्या घरी आरती झाली, कापूर फिरला, आणि धाकटा नातू पाच वर्षांचा, प्रसादाआधी सगळ्यांशी शेकहँड करत फिरला, पीस बी विथ यू. आमचे हे कडक. मी बघत होते काय म्हणतात. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "तुलाही रे बाबा."

तुझ्या सासूबाईंना माझा निरोप दे, एकदा स्वतः येऊन बघा म्हणावं.

टिंबटिंब | २२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आजी _/\_

डबा?

स्वाननदी | २२ ऑगस्ट, सकाळी १०:१०

हो टिंबटिंब, डबा! ओसरी, बऱ्याच शाळा मुलांना शेंगदाणे, काजू, बदाम काही आणू नका म्हणतात, कोणाला तरी जीवघेणी ॲलर्जी असते. आता आपल्या डब्यातून दाण्याचं कूट काढून बघ. खिचडी गेली, चटणी गेली, भरली वांगी गेली, चिक्की-लाडू गेले. मी सहा महिने कोशिंबिरीत तीळ घालत होते, मग तिळालाही नको म्हणाले. शेवटी ओलं खोबरं, पण ते चालतं का हे वर्गबाईंना आधी विचारून घेतलं. थालीपीठ गुंडाळून दिलं तर हातात धरून खाता येतं, वेळही कमी असतो. सकाळी फळं-भाज्यांची एक छोटी सुट्टी असते, क्रंच अँड सिप, त्यात काकडी-गाजर. चाट मसाला लावून देऊ नको, सगळा वर्ग मागतो.

रानजाई | २२ ऑगस्ट, दुपारी २:२५

अवांतर : कोणी नूंगार ऋतूंबद्दल बोललंच नाही. पर्थ ही वाजुक नूंगार या मूळनिवासी लोकांची भूमी, शाळेत कुठलाही कार्यक्रम त्यांच्या उल्लेखाने सुरू होतो, चॅपलसुद्धा. लहान मुलांना त्यांचे सहा ऋतू शिकवतात, बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कंबारांग. शाळा सुटते तेव्हा बिराक, भरते तेव्हा बुनुरू. लेकीने फ्रिजवर चक्र लावलं तेव्हा मी तिच्याशेजारी वसंत-ग्रीष्म-वर्षा-शरद-हेमंत-शिशिर लिहून लावले. सहा आणि सहा. तिला इंग्रजी चारच असतात हेच विचित्र वाटायला लागलं.

खडकवासला | २२ ऑगस्ट, दुपारी ३:००

रानजाई, वा! वाचनखूण साठवली.

पाऊसवेडा | २२ ऑगस्ट, रात्री ८:१८

मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सरकारी शाळेबद्दलचं मत तेच आहे, आमच्याकडेही चॅप्लिन आहेत आणि कार्निव्हलही. पण मेणबत्त्यांचा भाग मनात राहिला. आमच्या मुलाच्या शाळेत असं झालं होतं तेव्हा काऊन्सेलर आले, चांगले होते, पण पोरं ग्राउंडवर नुसती उभी होती.

ओसरी | २४ ऑगस्ट, रात्री ११:३०

सगळ्यांचे खूप आभार. निवडुंग, तुमच्या लेकीला माझ्याकडून मिठी. चॅप्लिनना मेल केलाय, व्हिडिओ कॉलवर बोलणार आहेत. काय होतं ते येऊन सांगेन.

ओसरी | १४ डिसेंबर २०२४, रात्री ९:४७

धागा वर काढतेय. सांगेन म्हटलं आणि सव्वा वर्षाने आले, माफ करा. परवा शाळा सुटली, पहिलं वर्ष पूर्ण.

त्या कॉलचं आधी. मी निवडुंगच्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. चॅप्लिन बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुलाने असं विचारलं तर मी त्याला विचारेन की आजोबा कसे होते, आणि ते सांगेल ते ऐकेन. कोण कुठे जातं हे ठरवणं माझं काम नाही. मी त्याच दिवशी फॉर्म भरला.

फेब्रुवारीत इतकं ऊन होतं की लेक पहिल्या आठवड्यात रोज रडून आली, उन्हामुळे नाही, कोणी ओळखीचं नाही म्हणून. यंदा ॲश वेन्सडे नेमका १४ फेब्रुवारीला होता, म्हणजे वर्गात गुलाबी हृदयं आणि कपाळावर राख. तिने राख लावून घेतली नाही, मैत्रिणीने लावली, दोघींनी मधल्या सुट्टीत त्यावर बोलून घेतलं आणि तिथून ओळख झाली. लेंटमध्ये तिने आयपॅड सोडला, मला न सांगता. स्विमिंग कार्निव्हलला नूडलवाल्या गटात होती, स्वाननदी, तुझं आठवलं आणि मी बाहेर उभी राहून ओरडले. वर्षअखेरीला नूडलशिवाय पंचवीस मीटर.

दिवाळीला चॅप्लिननी विचारलं, असेंब्लीत कोणी सांगेल का. लेकीने पणती न्यायचं ठरवलं. आग चालत नाही म्हणून बॅटरीची पणती सुचवली. ती म्हणाली खोटी पणती नेणार नाही, मग मातीची पणती नेली, तेल-वात सगळं घालून, फक्त पेटवली नाही, आणि "घरी गेल्यावर पेटवणार आहे" असं सांगितलं. मागच्या बाकावर मी होते. मला बोलता येत नव्हतं.

सासूबाई नोव्हेंबरात आल्या. कॅरल सर्व्हिसला मैदानावर सगळे चटया टाकून बसले होते, संध्याकाळी सातलाही उकडत होतं आणि पोरं बर्फाची गाणी म्हणत होती. धाकटा मेंढी झाला होता. कापसाची दाढी घामाने निघाली (मेंढीला दाढी का, माहीत नाही, त्याने हट्टाने लावली). सासूबाईंनी त्याला पदराने पुसलं आणि पुन्हा चिकटवून स्टेजवर पाठवला. येताना गाडीत म्हणाल्या, त्या गोठ्यातल्या बाळाला पांघरूण नीट नव्हतं घातलं. एवढंच बोलल्या. त्यांचा जुना प्रश्न त्यांनी परत विचारला नाही, मीही काढला नाही.

टिंबटिंब, डबा : गूळ-खोबऱ्याची पोळी. विचारून घेतलंय, चालते.

एक काम. लेकीचा फॅक्शनचा निळा टी-शर्ट, साइज आठ, लहान झालाय, अगदी नवा आहे. कुणाला हवा असेल तर विचारपुशीत निरोप टाका.

निवडुंग | १५ डिसेंबर, सकाळी ७:०५

मिठी पोचवली होती. आता हेही वाचून दाखवते, बारा वर्षांची झाली आहे.

स्वाननदी | १५ डिसेंबर, सकाळी ८:३०

अगं टी-शर्ट देऊ नकोस! भावंडं सहसा एकाच फॅक्शनमध्ये टाकतात, धाकट्याला दोन-तीन वर्षांत तोच लागेल. नावाची पट्टी तेवढी उसवून ठेव.